पार्थेनॉनचा शिल्पपट्ट: लंडनला पाहावा की अथेन्सला?

एकाच सहलीत लंडन आणि अथेन्स दोन्ही बसवणं सोपं नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, ग्रीससाठी शेंगेन वेगळा. त्यामुळे पार्थेनॉनची, म्हणजे अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या अथेना देवीच्या प्राचीन देवळाची, शिल्पं पाहायची तर बहुतेकांना एकच शहर निवडावं लागतं. शिल्पं मात्र दोन्हीकडे वाटली गेली आहेत. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी १८०१ पासून ती उतरवायला घेतली आणि १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारनं ती ३५,००० पौंडांना विकत घेतली. ग्रीस ती परत मागतो; मालकीच्या या वादात मी ग्रीसच्या बाजूचा आहे, पण तिकीट कुठलं काढायचं हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आधी पट्ट, म्हणजे कोरीव शिळांची लांब रांग, मुळात कसा होता ते पाहू. लांबी सुमारे १६० मीटर, उंची जेमतेम १ मीटर. बाहेरच्या खांबांच्या आत, गाभाऱ्याच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण १२ मीटर उंचीवर तो चारही बाजूंनी फिरवलेला होता. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यावर अथेनाच्या उत्सवाची मिरवणूक आहे. नैऋत्य कोपऱ्यापाशी तिला दोन फाटे फुटतात आणि पूर्वेला, दाराच्या वर, बसलेल्या देवांपाशी ते पुन्हा एकत्र येतात. थोडक्यात, हा पट्ट देवळाभोवती चालत पाहायचा.

अथेन्सला तो तसाच पाहता येतो. २००९ मध्ये उघडलेल्या अक्रोपोलिस संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर मधला भाग गाभाऱ्याच्याच मापाचा बांधलाय, दिशाही पार्थेनॉनचीच ठेवलीय. पट्ट त्याच्या बाहेरच्या अंगाला आहे, आणि काचेपलीकडे टेकडीवर खुद्द देऊळ. ब्रिटिश म्युझियमच्या १८ नंबरच्या दालनात हे सगळं उलटं झालंय. तिथे पट्ट भिंतींवर आतल्या बाजूला तोंड करून लावलाय, म्हणजे देवळाच्या बाहेरचं काम आपण गाभाऱ्यात उभं राहून पाहतो. मिरवणूक कुठून निघाली आणि कुठे पोचली हे नकाशा हातात घेऊनही चटकन उमगत नाही.

पण अथेन्समधला मूळ पट्ट सुमारे ५० मीटरच आहे, लंडनमध्ये ७५. अथेन्सनं मधल्या जागा प्लास्टरच्या प्रतिकृतींनी भरल्यात. मधाळ रंगाच्या संगमरवराशेजारी त्या पांढऱ्याफटक दिसतात, आणि त्या तशा दिसाव्यात हेच मला योग्य वाटतं. पश्चिमेकडची, मिरवणुकीच्या तयारीची बाजू मात्र जवळजवळ पूर्ण अथेन्समध्येच आहे. तिच्या शिळा १९९३ पर्यंत देवळावरच होत्या, त्यामुळे शहराच्या प्रदूषणानं त्यांचे चेहरे झिजलेत. लंडनच्या शिळा त्यातून वाचल्या, तरी १९३०च्या दशकात तिथेही त्या गोऱ्या दिसाव्यात म्हणून खरवडल्या गेल्या. तेव्हा ‘लंडननं नीट सांभाळलं’ हे ऐकलं तरी अर्धंच खरं मानावं.

कोरीवकामाच्या बारकाव्यासाठी जाणार असाल तर लंडन. घोडेस्वारांच्या शिळांपुढे वेळ काढा. अवघ्या पाच-सहा सेंटिमीटर उठावात घोड्यामागे घोडा, त्यामागे आणखी एक, आणि तरी कुणाचा पाय कुणाचा ते कळतं. लगामाचे धातूचे भाग बसवायला पाडलेली भोकंही दिसतात. खालून पाहणाऱ्याला नीट दिसावं म्हणून वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त उठवलाय. देवळाच्या छपराखालच्या दर्शनी त्रिकोणातल्या मोठ्या मूर्ती हे लंडनचं खरं बलस्थान. अंगाला चिकटलेल्या वस्त्रांतल्या देवी आणि रात्रभर धावून थकलेला, जबडा उघडा टाकलेला चंद्रदेवी सेलेनीच्या रथाचा घोडा, याला तोड अथेन्समध्ये नाही. उलट त्याच टेकडीवरच्या एरेक्थिऑन या दुसऱ्या देवळाच्या स्त्रीरूपी खांबांपैकी पाच अथेन्सला आहेत आणि त्यांच्यामागे जाऊन वेण्याही पाहता येतात. लंडनला एकटीच आहे.

पैशांचं बोलायचं तर ब्रिटिश म्युझियमला प्रवेश फुकट, अथेन्सला टेकडीचं आणि संग्रहालयाचं तिकीट वेगवेगळं.

केवळ या शिल्पांसाठी घर सोडणार असाल तर अथेन्सला जा. नातेवाइकांकडे किंवा कामानिमित्त लंडनला जाणारच असाल, तर त्यासाठी वेगळा ग्रीस दौरा काढायची गरज नाही. फक्त १८ नंबरचं दालन त्या दिवशी उघडं आहे ना, ते संकेतस्थळावर बघून निघा. दोन्ही जमत असेल तर आधी अथेन्स करा, म्हणजे लंडनच्या भिंतीवरची प्रत्येक शिळा मुळात कुठे होती ते माहीत असेल.