दादरच्या वाळूत जेट ग्राउटिंग : एका सेवेचे परीक्षण

आमच्या पुनर्विकास प्रकल्पात दोन मजली तळघर होते. जागा दादरच्या किनाऱ्याजवळची. वर वाळू, तिच्याखाली खाडीचा मऊ गाळ, मग मुरूम आणि शेवटी खडक, असे थर बोअरलॉगमध्ये, म्हणजे चाचणीसाठी घेतलेल्या छिद्रांच्या नोंदीत, होते आणि भूजल जमिनीपासून जेमतेम दोन-अडीच मीटरवर लागत होते. नुसता उपसा केला असता, तर शेजारच्या उथळ पायाच्या जुन्या इमारती खचण्याची भीती होती. म्हणून शोअर पाइलमधील, म्हणजे खोदकामाच्या कडेची माती रोखणाऱ्या खांबांमधील, फटींमागे जेट ग्राउटिंगचे स्तंभ घालून पाणी अडवायचे ठरले आणि त्या कामाची देखरेख माझ्याकडे आली.

या पद्धतीत आधी अरुंद बोअर ठरलेल्या खोलीपर्यंत नेतात. मग रॉड फिरवत सावकाश वर घेताना, काही मिलिमीटरच्या नोझलमधून सिमेंटची स्लरी (सिमेंट आणि पाण्याचे पातळ मिश्रण) साधारण 400 बार दाबाने आडवी सोडतात. ती धार माती कापते आणि तिच्यातच मिसळते. जास्तीचे मिश्रण बोअरमधून वर येते आणि उरलेले घट्ट होऊन स्तंभ तयार होतो. आमच्याकडे स्लरीभोवती हवेचा झोत असलेली दुहेरी पद्धत वापरली, कारण तिने धार अधिक लांब पोहोचते.

कोणत्याही ठेकेदाराच्या दरपत्रकात स्तंभाचा व्यास ठळक लिहिलेला असतो, परंतु तो व्यास मातीने मान्य करावा लागतो. आम्ही मुख्य कामाआधी चाचणी स्तंभ करून ते खणून उघडे पाडण्याची अट घातली होती आणि ती अट सार्थकी लागली. वाळूत स्तंभ कबूल केल्याप्रमाणे भरला होता, गाळात मात्र तो डोळ्यांना दिसेल इतका बारीक निघाला. ठेकेदाराच्या अभियंत्याने वाद न घालता गाळाच्या थरात रॉड वर घेण्याचा वेग कमी केला आणि स्तंभांमधील अंतरही घटवले. या सेवेतील मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच.

दुसरा प्रश्न बोअरच्या कलाचा. 15 मीटर खोलीवर 1 टक्का कल म्हणजे 15 सेंटिमीटर. शेजारचे दोन बोअर विरुद्ध दिशांना कलले, तर तळाशी 30 सेंटिमीटरची तफावत पडते आणि एकमेकांवर चढलेले दिसणारे स्तंभ प्रत्यक्षात सुटे राहतात. नकाशावर सगळे वर्तुळाकार आणि नीटनेटके असते, पाणी मात्र तळाशी वाट शोधते. म्हणून प्रत्येक बोअरचा कल मोजून त्याची नोंद त्याच दिवशी मागावी. आम्हाला ती मिळत गेली, पण पहिल्या काही दिवसांत आठवण करून द्यावी लागली.

एक चूक गंभीर होती. एका बोअरमधून वर येणारे मिश्रण अडले असतानाही चालकाने पंप चालू ठेवला आणि शेजारच्या अंगणातील फरशी उचलली गेली. परतीचा प्रवाह थांबला की दाब जमिनीत साठतो, म्हणून पंप तत्काळ बंद करणे हा या कामाचा पहिला नियम आहे. दुरुस्ती त्यांनी स्वखर्चाने करून दिली, परंतु रहिवाशांचा विश्वास परत यायला वेळ लागला. वर येणाऱ्या सिमेंटमिश्रित गाळासाठी केलेली टाकीही अपुरी होती. तो गाळ पालिकेच्या पर्जन्यजल वाहिनीत जाऊ नये, यासाठी आम्हाला टँकरची सोय करावी लागली.

28 दिवसांनंतर स्तंभांतून कापून काढलेल्या कोअरमध्ये (दंडगोल तुकड्यांमध्ये) वाळूतील नमुने अखंड आणि मजबूत होते, गाळातील तुलनेने कमकुवत, पण पाणी अडवण्यास पुरेसे. आतील पाणी उपसताना बाहेरच्या पिझोमीटरमधील (भूजल मोजणाऱ्या नळीतील) पातळी जवळजवळ स्थिर राहिली आणि शेजारच्या भिंतींवरील, तडे मोजणाऱ्या क्रॅकमीटरनेही हालचाल दाखवली नाही.

तरीही या स्तंभांकडून आधाराची अवाजवी अपेक्षा करू नये. 20 एप्रिल 2004 रोजी सिंगापूरमध्ये निकोल हायवेजवळील मेट्रोचे खोदकाम कोसळून चौघांचा मृत्यू झाला. तेथे जमिनीत जेट ग्राउटिंगचे थर होते, पण स्ट्रट (खड्ड्यात आडवे लावलेले आधार) आणि वेलर (भिंतीलगतच्या आडव्या तुळया) यांचे जोड भार पेलण्यास अपुरे होते.

खडकाला ही धार कापत नाही. त्यामुळे मुरूम आणि खडक यांच्या सांध्याजवळ आमच्याकडे थोडी गळती राहिली आणि तेथे साध्या दाबाने सिमेंट ग्राउटिंग करावे लागले. ते निविदेत नव्हते, म्हणून खर्च वाढला. वाळूतील कामासाठी मी याच चमूला पुन्हा बोलावेन, मात्र खडकाजवळचे ग्राउटिंग आणि गाळाच्या विल्हेवाटीची जबाबदारी करारात आधीच लिहून घेईन.