'तेलेफोनुमुन शार्झी बित्ती': एका तुर्की वाक्यासोबत आठ महिने

कामानिमित्त इस्तंबूलला राहायला आल्यावर मी फोनची भाषा तुर्की केली, त्याला आता आठ महिने झाले. त्याच वेळी स्वतःला एक नियम घालून घेतला: व्याकरणातली कोणतीही नवी गोष्ट कळली की ती एकाच वाक्यावर लावून पाहायची. ते वाक्य होते 'तेलेफोनुमुन शार्झी बित्ती', म्हणजे 'माझ्या फोनचे चार्जिंग संपले'. तुर्की शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला ही पद्धत कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे.

'तेलेफोन' या शब्दाला आधी 'माझा' सांगणारा 'उम' आणि त्यानंतर 'चा' सांगणारा 'उन' चिकटतो, इथपर्यंत मराठी माणसाला काहीच परके वाटत नाही. अडचण पुढच्या शब्दात आहे. आपल्याकडे मालकीची खूण मालकाच्या अंगावर असते आणि 'चा-ची-चे' हे रूप मालकीच्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलते. तुर्कीत लिंगभेद मुळीच नाही, मात्र वस्तूवरही वेगळी खूण लावावी लागते. 'शार्झ'नंतरचा स्वर ती खूण आहे, आणि शब्दशः अर्थ 'माझ्या फोनचे त्याचे-चार्जिंग' असा होतो. तो स्वर मी कित्येक आठवडे गाळत होतो, कारण मराठी कानाला तो अनावश्यक वाटत होता. (येथे मी तो 'ई' असा लिहिला असला, तरी प्रत्यक्षात ओठ गोल न करता 'उ' म्हणावा तसा त्याचा उच्चार आहे. 1928 साली तुर्कीने लॅटिन लिपी घेतली, तेव्हा त्याला बिनटिंबाचे वेगळे अक्षर दिले गेले.) शब्द स्वरान्त असेल तर मध्ये 'स' येतो, म्हणून 'बातार्या'चे 'बातार्यासी' होते.

प्रत्ययांचे स्वर बदलतात ते शब्दातल्या शेवटच्या स्वराप्रमाणे. 'तेलेफोन'मधल्या 'ओ'मुळे 'उमुन', तर 'एव' म्हणजे घर, त्याचे 'एविमिन'. हा नियम तक्त्यातून पाठ करण्यापेक्षा वाक्यातली नामे बदलून तोंडात बसवणे मला सोपे गेले. अपवादही भेटतात: 'सआत' म्हणजे घड्याळ आणि तासही, नियमाने त्याला 'शार्झी'तला तो बिनटिंबाचा स्वर लागायला हवा, पण लोक साधा 'इ' लावून 'सआतिम' म्हणतात.

या वाक्याने सर्वांत जास्त शिकवले ते क्रियापदात. एकदा कादिकॉयच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहताना मी पिशवीतून फोन काढला, तर तो बंद पडलेला होता. शेजारी उभ्या असलेल्या सहकारी बाईंना मी 'बित्ती' असे सांगितले, तेव्हा त्यांनी हसून 'बित्मिश' अशी दुरुस्ती केली. टक्का उतरत उतरत डोळ्यांदेखत संपला असेल तर 'बित्ती'. आपल्या नकळत संपला आणि नंतर लक्षात आले, किंवा कोणाकडून कळले, तर 'बित्मिश'. मराठीत यासाठी 'संपलेले दिसते' किंवा 'संपले म्हणे' असे दोन वेगळे मार्ग आहेत. तुर्की दोन्ही कामे एका प्रत्ययावर भागवते. माहिती कुठून आली हे क्रियापदातच सांगायचे, ही सवय अजूनही मला पूर्णपणे लागलेली नाही.

प्रत्यक्ष बोलताना मात्र हे सगळे वाक्य लोक क्वचितच म्हणतात. 'शार्झिम बित्ती', म्हणजे 'माझे चार्जिंग संपले', एवढ्यावर काम भागते. जणू चार्जिंग फोनचे नसून माणसाचेच संपते, आणि मराठीतही आपण याहून वेगळे बोलत नाही. अनोळखी माणसाला चार्जर मागताना 'शार्झ आलेतिनिझ वार मी?' असे विचारतात. यातला 'इनिझ' आपल्या 'तुमचा'सारखा आदर दाखवतो आणि शेवटचा 'मी' आपल्या 'का'च्या जागी बसतो.

फोनचे पडदे मात्र ठरावीक गोष्टीच शिकवतात. बटणांवर 'सिल', 'ग्योन्देर', म्हणजे 'पूस', 'पाठव' असे नुसते धातू असतात, तर अडचणीची सूचना 'तेक्रार देनेयिन', म्हणजे 'पुन्हा प्रयत्न करा' अशी आदरार्थी येते. जोडणी होऊ शकली नाही की 'बाआलांती कुरुलामादी' दिसते. 'बाआलांती' म्हणजे जोडणी, 'कुर' म्हणजे उभारणे. त्यात कर्मणी, अशक्यता आणि भूतकाळ एकामागून एक भरले की 'उभारता आली नाही' हे तीन शब्द एका शब्दात येतात. तो शब्द मी वहीत तुकडे करून लिहून ठेवला आहे. 'मिश' मात्र या पडद्यांवरून माझ्या कानात बसला नाही. त्यासाठी माणसांतच वावरावे लागले.

बँकेचे ॲप मी दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा इंग्रजीत नेले आणि ते अजून तसेच आहे.