इंट की इंटिजर : जावात नोंदी ठेवताना काय निवडावे

नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याच्या आवकेची नोंद ठेवणारा प्रोग्राम जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला घेतला, की पहिल्याच क्लासमध्ये (प्रोग्रामच्या घटकात) प्रश्न उभा राहतो : क्रेटची संख्या इंट या प्रिमिटिव्ह, म्हणजे थेट संख्याच साठवणाऱ्या, प्रकारात ठेवावी की तीच संख्या वेष्टनात ठेवणाऱ्या इंटिजर या ऑब्जेक्टमध्ये? जावातील आठही प्रिमिटिव्ह प्रकारांना असा जोडीचा क्लास आहे, त्यामुळे हा निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

मेमरीच्या बाबतीत इंट सरस आहे, यात वाद नाही. इंटला 4 बाइट पुरतात, तर 64 बिटच्या प्रचलित जेव्हीएमवर (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेवर) इंटिजरचा प्रत्येक ऑब्जेक्ट साधारण 16 बाइट घेतो आणि त्याच्या रेफरन्सची, म्हणजे तो मेमरीत कुठे आहे हे दाखवणाऱ्या खुणेची, जागा वेगळी लागते. तरीही काही हजार नोंदींच्या कामात हा फरक जाणवत नाही, म्हणून केवळ त्यावरून निर्णय घेऊ नये.

माझ्या मते खरा निकष वेगळा आहे : ही संख्या मुळात अनुपलब्ध असू शकते का? बाजार सुरू असूनही आवक झाली नाही, तर नोंद शून्याचीच हवी. पण नोंद करायची राहून गेली असेल, तर शून्य लिहिणे चुकीचे ठरते. इंट फील्डला (क्लासमधील नोंदीच्या जागेला) संख्या दिली नाही तर जावा तिथे 0 धरते आणि महिन्याची सरासरी गुपचूप खाली येते. इंटिजर फील्ड अशा वेळी नल, म्हणजे रिकामे, राहते. तो नल तपासल्याशिवाय बेरजेत घेतला तर प्रोग्राम अपवाद (एरर) देऊन थांबतो, हे खरे. परंतु थांबलेला प्रोग्राम दुरुस्त करता येतो, खोटी सरासरी मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही.

इंटिजर निवडल्यास तुलनेची काळजी घ्यावीच लागते. 2004 मध्ये जावा 5 सोबत ऑटोबॉक्सिंग आल्यापासून इंटचे इंटिजर आपोआप होते, आणि असे करताना −128 ते 127 या संख्यांचे ऑब्जेक्ट साठ्यातून पुन्हा वापरले जातात. त्यामुळे 127 क्रेटच्या दोन नोंदी दुहेरी बरोबर चिन्हाने (==) ताडल्या तर त्या समान ठरतात. 128 क्रेटच्या दोन नोंदी मात्र सामान्यतः भिन्न ठरतात, कारण तिथे संख्यांची नव्हे, रेफरन्सची तुलना होते. छोट्या आकड्यांवर घेतलेल्या चाचणीत ही चूक दिसत नाही आणि हंगामात मोठे लॉट येऊ लागले की हिशेब बिघडतो. संख्यांचीच तुलना करणारी इक्वल्स ही मेथड वापरणे हाच यावरचा उपाय आहे.

ॲरेलिस्ट किंवा हॅशमॅप या जावाच्या संग्रहांमध्ये संख्या ठेवायच्या असतील तर निवडीला वावच नाही, तिथे ऑब्जेक्टच लागतो. डेटाबेसच्या रकान्यात नल चालत असेल तर फील्ड इंटिजर ठेवावे. लूपमधील गणती आणि बेरजा इंटमध्ये कराव्यात, आणि बेरीज दोनशे चौदा कोटींच्या (इंटच्या मर्यादेच्या) पुढे जाण्याची शक्यता असेल तर लाँग या मोठ्या संख्यांच्या प्रकारात.