एकच गळा, तीन साज : शनाया ट्वेनचा ‘अप!’ नाशिकच्या कानांनी ऐकताना

शनाया ट्वेन या कॅनेडियन गायिकेचा ‘अप!’ हा अल्बम नोव्हेंबर २००२ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या गाण्यांइतकीच चर्चा त्याच्या रंगांची झाली. तीच १९ गाणी तीन निरनिराळ्या साजांत मुद्रित केलेली होती : तांबड्या सीडीत पॉप, हिरवीत कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातले संगीत, आणि निळीत भारतीय चित्रपटसंगीताच्या वळणाने जाणारा साज. उत्तर अमेरिकेत तांबडी आणि हिरवी अशी जोडी विकली गेली, तर उरलेल्या जगाच्या वाट्याला तांबडी आणि निळी आली. त्यामुळे २००३ साली नाशिकच्या मेन रोडवरील एका दुकानातून मी हा अल्बम घेतला, तेव्हा ज्या संगीतातून ही गायिका घडली, ते कंट्री संगीत नेमके माझ्या संचात नव्हते. टोरांटोला राहणाऱ्या मावसबहिणीने गेल्या दिवाळीत तिची जुनी जोडी आणून दिली आणि वीस वर्षांहून अधिक काळाने हिरवी सीडी माझ्या हाती आली.

तिन्ही साज एकापाठोपाठ ऐकावेत म्हणून थंडीतल्या तीन रविवारी सकाळी गंगापूर रोडवरील आमच्या घरी आम्ही आठ-नऊ जण जमलो. त्यात पंचवटीत अनेक वर्षे गाणे शिकवून निवृत्त झालेल्या बाई होत्या, ढोल पथकात वाजवणारा माझा भाचा होता, सातपूरच्या एका कारखान्यात अभियंता असलेली पुतणी होती आणि दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार अण्णा होते. काढणी तोंडावर आल्याने अण्णांना तिसऱ्या रविवारीच येता आले. पुढे जे लिहिले आहे त्यात माझे मत आहेच, पण त्याला आकार या मंडळींच्या बोलण्यातून मिळाला आहे.

पहिल्या रविवारी तांबडी सीडी लावली. हा साज बांधला आहे रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग यांनी. ते त्या वेळी शनायाचे पती होते, अल्बममधली सर्व गाणी दोघांनी मिळून लिहिली आहेत, आणि त्याआधी एसी/डीसी, डेफ लेपर्ड यांसारख्या रॉक गटांचे अत्यंत गाजलेले अल्बम त्यांच्याच हातून झाले होते. ती सवय इथे पदोपदी ऐकू येते. ध्रुवपद आले की मागे आवाजांचे थर चढतात, गिटारी एकदम पुढे येतात आणि ऐकणाऱ्याला ओळ पाठ होईपर्यंत सोडले जात नाही. पुतणीला हाच साज सर्वांत आवडला. जिच्या रूपाकडेच लोक पाहतात ती स्त्री भूगर्भशास्त्रज्ञ, कादंबरीकार, सैनिक, शल्यचिकित्सक असे काहीही असू शकते, असे सांगणारे ‘शी’ज नॉट जस्ट अ प्रिटी फेस’ हे गाणे तिने लागोपाठ दोनदा लावायला सांगितले. माझी तक्रार लांबीबद्दल आहे. ७३ मिनिटांच्या ऐवजात किमान पाच गाणी जास्तीची आहेत. ‘नाह!’, ‘वेटर! ब्रिंग मी वॉटर!’ अशी काही गाणी शीर्षकातल्या उद्गारचिन्हापलीकडे फारशी जात नाहीत, आणि तांबड्या साजात सगळेच एकाच मोठ्या आवाजात सांगितले जात असल्यामुळे चांगले आणि सामान्य यांतला फरक पुसट होतो.

दुसरा रविवार निळीचा होता. आपल्या मंडळींना ती आपलीशी वाटेल, अशी माझी अटकळ होती. बर्मिंगहॅमचे सायमन आणि डायमंड दुग्गल हे बंधू या साजासाठी लँग यांच्या साथीला होते. तबल्याच्या अंगाचे ठेके, सतारीच्या जागा, तंतुवाद्यांच्या लांब ओढी हे सारे आपल्या ओळखीचे आहे. तरीही पहिल्या तीन गाण्यांनंतर खोलीत जी शांतता होती, ती रंगल्याची नव्हती. भाचा प्रथम बोलला. त्याचे म्हणणे असे, की पथकात ताशा बोलतो तसा ढोल उत्तर देतो, हात गरम होत जातात आणि तोच ठेका दहा मिनिटांनी वेगळा लागतो. इथे मात्र ठेका सुरुवातीला जसा मांडला तसाच शेवटी उचलून ठेवला आहे. बाईंनी त्याहून मुळातली गोष्ट सांगितली. तिन्ही सीडींवर गायन जवळपास एकच आहे, बदलली आहे ती साथ. “साथीने गाणाऱ्याचं ऐकायचं असतं आणि गाणाऱ्यानं साथीचं. इथं बाईंनी गाऊन झालंय, त्या घरी गेल्यात, आणि मग तबला बसलाय,” असे त्या म्हणाल्या. निळ्या साजाविषयी यापेक्षा अचूक वाक्य मला सुचणार नाही. सतारीचा स्वर येतो त्या जागी गळा सरळ उभा असतो. त्याला ना मींड घ्यायची असते, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यावर घसरत जायचे असते, ना समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची ओढ.

‘का-चिंग!’ या गाण्यात मात्र हे जमले आहे, आणि ते का जमले हे पाहण्यासारखे आहे. गल्ल्याच्या खणखणाटावरून नाव घेतलेले हे गाणे उधारीवर खरेदी करत सुटलेल्या लोकांबद्दल आहे. त्याची चाल थोड्या स्वरांभोवती फिरते, ओळी तुटक आणि तालावर म्हटल्या जातात, त्यामुळे ठेका पुढे आला तरी गळ्याशी त्याचे भांडण होत नाही. पुतणीने निळ्या साजाची बाजू नेटाने लढवली, हेही नोंदवले पाहिजे. तिचे म्हणणे असे, की आमची पिढी रीमिक्स ऐकत वाढली, आम्हाला साथ आणि गळा यांचा संवाद अपेक्षितच नसतो, पाय हलले की पुरे. तिच्या दृष्टीने ते खरे आहे, आणि नाचण्यासाठी निळी सीडी तांबडीपेक्षा सरस आहे हे मलाही मान्य आहे. परंतु ‘फॉरेव्हर अँड फॉर ऑल्वेज’सारखे संथ गाणे नाचण्यासाठी नसते. त्यात दोन ओळींमध्ये जो अवकाश हवा, तो निळ्या साजात तालवाद्यांनी भरून टाकला आहे.

तिसऱ्या रविवारी हिरवी सीडी लागली आणि हेच गाणे पुन्हा आले. या वेळी त्या अवकाशात स्टील गिटार होती. तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवली जाणारी ही गिटार एका स्वरातून दुसऱ्या स्वरात घसरत जाते, मधली वाट ऐकवत जाते. बाई पुढे सरकून बसल्या. “अहो, ही तर मींड आहे,” त्या म्हणाल्या. आपल्याकडे हवाईयन गिटारवर चित्रपटगीतांच्या धून वाजवण्याची प्रथा अनेक वर्षे होती, त्या धून ऐकलेल्या कोणालाही हा स्वर परका वाटणार नाही. कंट्रीमधली फिडल म्हणजे तर व्हायोलिनच. आणि गायकाची ओळ संपता संपता तिचे शेवटचे टोक उचलून धरणारे व्हायोलिन आपण संगीत नाटकांत आणि भावगीतांच्या मैफलींत ऐकत आलो आहोत. सतार आणि तबला असलेली निळी सीडी आम्हाला दूरची वाटली आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ग्रामीण भागात वाढलेल्या संगीताची हिरवी सीडी जवळची वाटली, ते या कारणाने. वाद्य कुठल्या देशाचे आहे यापेक्षा ते गळ्याच्या मागून कसे चालते, यावर कान आपले-परके ठरवत असावा.

या गायिकेच्या बाबतीत आपल्यापर्यंत कंट्री न पोहोचण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १९९७ चा तिचा ‘कम ऑन ओव्हर’ हा अल्बम अमेरिकेत २ कोटी प्रतींसाठी प्रमाणित झाला, आणि त्याचीही जगासाठी जी आवृत्ती काढली गेली तिच्यात फिडल आणि स्टील गिटार कमी करून पॉपचा साज चढवला होता. अमेरिकेबाहेरच्या श्रोत्यांना ती वाद्ये रुचणार नाहीत, असा काही हिशेब त्यामागे असावा. नाशिकमधल्या एका खोलीपुरता तरी तो चुकला, असे मी खात्रीने सांगू शकते.

अण्णांना इंग्रजी गाण्यांची सवय नाही, म्हणून ‘आय एन्ट गोइंग डाउन’ लागण्याआधी मी त्यांना आशय सांगितला : लहान वयात आई झालेली मुलगी, एकटीने वाढवलेले मूल आणि हार न मानण्याचा निश्चय. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “बाई गाऱ्हाणं सांगत नाही, काम सांगते.” त्यानंतर मी त्यांना शनायाची हकीकत सांगितली. आँटॅरिओतल्या टिमिन्स या खाणींच्या गावात ती वाढली, १९८७ मध्ये आई-वडील मोटार अपघातात गेले आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी ती हंट्सव्हिलच्या एका रिसॉर्टमध्ये गाऊ लागली. तांबड्या साजात हे गाणे घोषणेसारखे लागते, हिरव्यात ते कोणी शेजारी बसून सांगावे तसे लागते. ‘इट ओन्ली हर्ट्स व्हेन आय’म ब्रीदिंग’ या विरहगीताचेही तसेच आहे.

हिरवीतही दोष आहेत. लँग यांचे आवाजांचे थर इथेही पुरते उतरलेले नाहीत, काही ठिकाणी फिडल केवळ शिक्का मारल्यासारखी येते, आणि जी गाणी मुळात पोकळ आहेत ती बँजो लावून भरत नाहीत. जुने, अस्सल कंट्री ऐकणाऱ्याला हा साजही गुळगुळीत वाटेल.

तरीही हा अल्बम जपून ठेवावा असे मला वाटते, त्याचे कारण तो गळा आहे. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ८ लाख ७४ हजार प्रती खपलेल्या या अल्बमनंतर काही काळातच गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाने शनायाच्या स्वरयंत्रावर परिणाम केला आणि तिचा पुढचा नवा अल्बम यायला २०१७ साल उजाडले. त्यातला आवाज अधिक खालचा आणि जाड आहे. बाईंच्या आग्रहावरून त्यातली दोन गाणीही आम्ही ऐकली, आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही. पूर्वीचा तो मोकळा, वरच्या स्वरावर सहज जाणारा गळा स्टुडिओत बांधल्या गेलेल्या नव्या गाण्यांच्या पूर्ण अल्बमांत शेवटचा भेटतो तो ‘अप!’मध्ये, आणि साथीने दबून न जाता तो ऐकायचा असेल तर हिरव्या सीडीत. ती घेताना ‘फॉरेव्हर अँड फॉर ऑल्वेज’पासून सुरुवात करावी आणि शेवटचे ‘व्हेन यू किस मी’ सोडू नये. अण्णांनी हिरवीतली सात गाणी पिकअपसाठी पेनड्राइव्हवर भरून नेली. निळीतले त्यांनी ‘का-चिंग!’ तेवढे घेतले.