चिगरची खाज: कॅलामाइन की हायड्रोकॉर्टिसोन?
पन्हाळ्याच्या उतारावर वैरण कापून आलं, की दुसऱ्या दिवशी मोज्याच्या काठाला आणि कमरेच्या नाडीखाली लाल पुळ्यांची रांग उठते. खाजवून खाजवून झोप उडते. चिगर म्हणजे माइट नावाच्या गवतातल्या बारीक किड्याचं सहा पायांचं, जेमतेम डोळ्याला दिसणारं पिल्लू. ते कातडीत घुसत नाही, त्यामुळे रॉकेल किंवा नेलपॉलिश लावून ते 'मारणं' फुकट. खाज त्याच्या लाळेची असते.

कॅलामाइन लोशन थंड, स्वस्त, पोराबाळांनाही चालतं. पण वाळून खडूसारखं पांढरट झालं की खाज परत सुरू. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का क्रीम सूजच उतरवतं. मोठ्यांनी रात्री पातळ थर द्यावा, माझा कौल त्यालाच. मात्र खाजवून फुटलेल्या कातडीवर नको, आणि आठवड्यापेक्षा जास्तही नको.

दोन्हींपेक्षा मोलाचं म्हणजे शेतातून आल्या आल्या साबणाने घसघशीत अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात.

काही चिगर स्क्रब टायफस नावाचा तापाचा आजारही पसरवतात. ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर मलम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि गवतात गेलो होतो हे आवर्जून सांगा. त्यावर डॉक्सिसायक्लीनसारखं औषध लागतं.