काकडूत पैसे कशावर घालायचे: विमानावर की बोटीवर?

ऑस्ट्रेलियातल्या काकडू राष्ट्रीय उद्यानात मे महिन्यात जाणार असाल तर विमान. दिवाळीत जाणार असाल तर बोट. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

नागपुरातून ऑस्ट्रेलियाला जाणारी बरीच मंडळी मुलाकडे नाहीतर मुलीकडे जातात. मेलबर्न-सिडनी बघून होतं आणि मग कुणीतरी म्हणतं, इतक्या लांब आलोच आहोत तर एखादं जंगलही करू. तिथे काकडूचं नाव निघतं. हे राष्ट्रीय उद्यान उत्तर टोकाला, डार्विन शहरापासून अडीचशे किलोमीटरवर आहे. माहितीपत्रक उघडलं की समोर दोन गोष्टी येतात: छोट्या विमानातून उद्यानावरून फेरी आणि 'यलो वॉटर' नावाच्या पाणथळीतली बोटफेरी. विमानाचं अर्ध्या तासाचं तिकीटसुद्धा बोटीच्या दोन तासांपेक्षा महाग. चौघांचं कुटुंब असेल तर फरक चांगलाच जाणवतो, म्हणून "दोन्ही करा" हा सल्ला देणं सोपं आहे पण कामाचं नाही.

आधी आकाराचा अंदाज घ्या. ताडोबा-अंधारीचा कोअर ६२५ चौरस किलोमीटरचा. आपला अख्खा नागपूर जिल्हा, नरखेडपासून भिवापूरपर्यंत, ९,८९२ चौरस किलोमीटरचा. काकडू जवळपास २०,००० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे दोन नागपूर जिल्हे आणि त्यात गावं म्हणाल तर जबिरू एवढं एकच नाव घेण्यासारखं. सकाळच्या सफारीत एक बाजू आणि दुपारच्या सफारीत दुसरी, असं इथे होत नाही. जबिरूहून कातळचित्रांचं उबीर चाळीसेक किलोमीटर उत्तरेला, तर यलो वॉटर जिथे आहे ते कुइंडा पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला. दोन दिवसांत तुम्ही एक तुकडा बघता. तो कोणता बघायचा हे महिना ठरवतो.

महिन्याचं गणित

काकडूचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. आपल्याकडे अंगाची लाही होते त्या मे महिन्यात तिथे पाऊस नुकताच सरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते आणि दुपारचं तापमान तेहतीसच्या आसपास असतं. पंचेचाळीस डिग्रीतून गेलेल्या नागपूरकराला हे थंड हवेचं ठिकाणच वाटणार. तिथले मूळ रहिवासी, बिनिन्ज आणि मुंगुय, वर्षाचे आपल्यासारखेच सहा ऋतू मानतात. मे-जूनचा येग्गे, ऑगस्ट ते ऑक्टोबर मध्याचा गुर्रुंग आणि त्यानंतर पावसाआधीच्या उकाड्याचा गुनुमेलेंग. पर्यटकाला "ड्राय" आणि "वेट" असे दोनच मोसम सांगितले जातात, पण त्या दोनांवर विसंबून तिकीट काढलं तर फसगत होते. मे आणि ऑक्टोबर दोन्ही कोरडेच मोसम, पण बघायला मिळणारं जंगल पार वेगळं.

मे महिन्यात अर्नहेम लँडच्या पठारावर पाणी असतं. ते कातळकड्यांवरून खाली कोसळतं, आणि त्यातला सगळ्यात मोठा धबधबा म्हणजे जिम जिम. दीडशे मीटरहून उंच कडे, त्यांच्या मधून पडणारी धार आणि खाली काळा डोह. अडचण अशी की धबधबा जोरात असतो तेव्हा तिथे जायचा रस्ता बंद असतो. मुख्य रस्ता सोडल्यावर पन्नासेक किलोमीटर कच्चा रस्ता, पुढे दहाएक किलोमीटर फक्त फोर-व्हील-ड्राइव्हची वाट आणि शेवटी मोठमोठ्या दगडांवरून चालत जाणं. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली. पाणी ओसरलं तरी रस्ता दुरुस्त व्हायला आणि डोहात मगर राहिली नाही ना याची खात्री व्हायला वेळ लागतो. रस्ता उघडतो तो बहुधा जूनच्या आगेमागे. पुढे धार बारीक होत जाते आणि सप्टेंबरपर्यंत बरेचदा फक्त ओला कडा उरतो. म्हणून जिम जिम भरात असताना बघायचा तर विमानाला पर्याय नाही.

पैसे घालायचे ते या कारणासाठी. "वरून जंगल कसं दिसतं बघू" एवढ्याच हौसेपायी घालायचे असतील तर जरा थांबा.

वरून काय दिसतं, काय नाही

ही विमानं लहान असतात. बुकिंग करतानाच प्रत्येकाचं वजन विचारतात आणि कोण कुठे बसणार हे पायलट त्या वजनावरून ठरवतो. "मला खिडकी हवी" म्हणून उपयोग नसतो, पण बहुतेक विमानांत खिडकी सगळ्यांनाच मिळते. विचारायचं ते हे: विमानाचे पंख वर आहेत की खाली? पंख खिडकीच्या वर असले तर खालचं सगळं मोकळं दिसतं. खाली असले तर अर्धा वेळ पत्राच बघत बसाल. बुकिंगआधी दुसरं नक्की करायचं म्हणजे फेरीचा मार्ग. अर्ध्या तासाच्या फेरीत सहसा जवळचे कडे आणि पूरमैदान येतं. जिम जिम आणि शेजारचा ट्विन फॉल्स हवे असतील तर ते कोणत्या फेरीत आहेत हे नावानिशी विचारून घ्या. अर्ध्या तासाचं तिकीट काढून धबधबा दिसला नाही, म्हणजे जास्तीचे पैसे देऊन मुख्य गोष्टच सुटली.

वरून दिसतो तो भूगोल. दगडी पठाराला पडलेल्या सरळ भेगा, त्यांत अडकलेल्या हिरव्या दऱ्या, मग अचानक तुटणारा कडा आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेलं सपाट, पाण्याने भरलेलं मैदान. जमिनीवरून हा सगळा आराखडा कधीच डोक्यात बसत नाही. जबिरूहून उडालात तर रेंजर ही युरेनियमची खाणही दिसते. तिथलं उत्पादन जानेवारी २०२१ मध्ये थांबलं आणि आता जमीन पूर्ववत करण्याचं काम चालू आहे. चंद्रपूरहून मोहर्लीला जाताना पद्मापूरची कोळसा खाण ज्यांनी पाहिली आहे त्यांना खाणीला खेटून असलेल्या जंगलाचं नवल वाटायचं नाही. तरी पाहावं. माहितीपत्रकातल्या फोटोत ती नसते.

प्राणी मात्र दिसत नाहीत. मगर असली तरी कळणार नाही, पक्षी म्हणजे पांढरे ठिपके. पोरं "कुठाय, कुठाय" करत राहतात आणि अर्धा तास संपतो. ताडोबात जिप्सीतून उतरल्यावर पहिला प्रश्न साइटिंगचा असतो. ती सवय घेऊन विमानात बसलात तर निराशा ठरलेली.

जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट आड येते: धूर. गवत पुरतं वाळण्याआधी थोडं थोडं जाळून टाकायचं, म्हणजे पुढे मोठा वणवा पेटत नाही, ही तिथल्या आदिवासींची फार जुनी पद्धत आहे आणि उद्यानाचं व्यवस्थापनही तीच वापरतं. आपल्याकडे वनविभाग जाळरेषा काढतो त्याच विचारातलं, पण कितीतरी मोठ्या क्षेत्रावर. जंगलाच्या दृष्टीने हे चांगलंच, पण वरून बघणाऱ्याला हवा धूसर मिळते. धबधबे आटत चाललेले, वर धूर. त्या दिवसांत विमानाचे पैसे वाचवा.

पोटात ढवळणाऱ्यांसाठी सांगतो, उड्डाण सकाळचंच घ्या. दुपारी जमीन तापली की लहान विमान चांगलंच हलतं. फोटो काढणाऱ्यांनी गडद रंगाचा शर्ट घालावा. पांढरा कुर्ता काचेत उमटतो आणि प्रत्येक धबधब्यावर तुमचाच कुर्ता येतो.

बोटीत काय मिळतं

यलो वॉटर ही साउथ अॅलिगेटर नदीच्या व्यवस्थेतली पाणथळ. बोट सपाट तळाची, वर छत, चढायला धक्का. गुडघेदुखीवाल्यांनाही काही त्रास नाही. फेऱ्या दीड ते दोन तासांच्या, वर्षभर चालतात.

दिवाळीच्या दिवसांत इथे काय होतं ते समजून घ्या. पाच-सहा महिने पाऊस नाही, आजूबाजूचे उथळ डोह आटलेले, आणि शेकडो चौरस किलोमीटरवर पांगलेले पक्षी आता उरलेल्या पाण्यावर येऊन दाटलेले. मॅगपाय गूज नावाची काळी-पांढरी हंसवर्गी पाखरं हजारांनी चिखल उकरत असतात. कमळाच्या पानांवरून जकाना हा पक्षी लांब बोटं टाकत पळतो. आणि कमळ म्हणजे तरी कोणतं? आपलंच. तीच जात, तशीच गुलाबी फुलं. काळ्या मानेचा करकोचाही तोच, जो आपल्याकडे आता क्वचित दिसतो. तिथे त्याला जबिरू म्हणतात आणि गावाचं नावही त्याच्यावरून पडलं. गोंदियाचा सारस ज्यांनी पाहिलाय त्यांना पूरमैदानावर उभा ब्रोल्गा बघून ओळखीचं वाटेल. दोघे एकाच कुळातले क्रौंच.

मगर तर दिसतेच. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरीची शिकार १९७१ मध्ये बंद झाली, तेव्हा ती संपत आली होती. आज काकडू ज्या प्रांतात आहे त्या नॉर्दर्न टेरिटरीत तिची संख्या लाखाच्या घरात आहे. बोटीपासून काही फुटांवर ती पडलेली असते, पाठीवरचे खवले उन्हात वाळलेले, जबडा किंचित उघडा, आणि दहा मिनिटं कसलीच हालचाल नाही. शेजारचे कुजबुजतात, "प्लॅस्टिकची ठेवलीय का?" मग बोट जरा वळते आणि ती आवाज न करता पाण्याखाली जाते. हात बाहेर काढू नका ही सूचना गाइड का परत परत करतो, ते तेव्हा कळतं.

एक गोष्ट विदर्भातल्या माणसाला नक्की ऐकायला आवडेल. या पाणथळीची सगळ्यात मोठी नासधूस केली ती म्हशींनी. इंग्रजांनी १८२० च्या दशकात उत्तर किनाऱ्यावरच्या वसाहतींसाठी आशियातून म्हशी आणल्या, वसाहती मोडल्या आणि म्हशी रानात गेल्या. त्यांच्या लोळण्याने आणि वहिवाटीने काठ फुटले, खारं पाणी गोड्या दलदलीत शिरलं, कमळं गेली. १९८० च्या दशकात गुरांच्या रोगनिर्मूलनाच्या मोहिमेत त्या मोठ्या प्रमाणावर मारल्या गेल्या आणि पाणथळ पुन्हा सावरली. आज बोटीतून जे दिसतं ते त्यानंतरचं आहे.

मे महिन्यातही बोट वाईट नाही. सकाळचं धुकं असतं, फुलं असतात. पण पाणी सगळीकडे असल्यामुळे पक्षी पांगलेले आणि मगरीही पांगलेल्या. उलट ऑक्टोबरमध्ये पारा सदतीसच्या वर, त्यात दमटपणा, म्हणून पहाटेचीच फेरी घ्या. दुपारी अकरानंतर नागपूरकरसुद्धा तिथे सावली शोधतो.

दोन्हींमधली वाट

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याचा इथे फायदा आहे. जूनच्या मध्यावर जिम जिमचा रस्ता उघडला असेल तर फोर-व्हील-ड्राइव्हच्या गटासोबत दिवसभराची सहल करता येते: धबधबा अजून वाहता, विमान नको, आणि पायथ्याशी उभं राहता येतं. मात्र दगडांवरून चालणं खरंच दमवणारं आहे. सत्तरीच्या आई-बाबांना त्यात ओढू नका. भाड्याच्या साध्या गाडीने स्वतः जायचा विचारही सोडा. भाड्याच्या करारात कच्चा रस्ता बहुधा वर्ज्यच असतो. ट्विन फॉल्सच्या वाटेवर तर ओढ्यातून गाडी घालावी लागते.

नोकरीतून मोकळी झालेली मंडळी जानेवारी-फेब्रुवारीत जाऊ शकतात. तेव्हा वरून दिसणारं काकडू वर्षातलं सर्वोत्तम, मैदान अक्षरशः समुद्र झालेलं. पण वादळाने उड्डाण रद्द होतं, रस्ते बुडतात, उबीरचा रस्ता तर हमखास. हाताशी दिवस मोकळे असतील तरच हा जुगार खेळा.

उबीरचं नाव निघालंच आहे तर, तिथली कातळचित्रं कोरड्या मोसमात उद्यानाच्या पासवरच बघता येतात, वेगळं तिकीट नाही. जुन्या चित्रांत ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हजारो वर्षांपूर्वी नाहीसा झालेला थायलासिन हा पट्टेरी मांसाहारी प्राणी आहे. थोडं चढून वर गेलं की संध्याकाळी पूरमैदान दिसतं. खरं सांगायचं तर ज्यांना "वरून बघायची" हौस आहे, त्यांची जुलै-ऑगस्टमध्ये ती या कातळावर उभं राहून बरीचशी भागते. जवळच काहिल्स क्रॉसिंग या नदी ओलांडायच्या जागी भरतीच्या वेळी मगरी मासे धरायला जमतात. तिथला प्रेक्षक-कट्टाही फुकट. भरतीची वेळ तेवढी आधी विचारून जा.

पास माणशी घ्यावा लागतो, सात दिवस चालतो आणि पावसाळ्यात स्वस्त मिळतो. विमान घेणार असाल तर बुकिंग मुक्कामाच्या पहिल्या सकाळचं करा. हवामानामुळे रद्द झालं तर दुसरी सकाळ हाताशी राहते. बोट दुसऱ्या दिवशीही मिळते.