वंशावळीवरची चिठ्ठी : ‘वजदा’

आठवीतल्या लेकीला शेजारी बसवून ‘वजदा’ पाहिला. २०१२ चा सौदी सिनेमा, दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर. रियाधमधल्या शाळकरी पोरीला हिरवी सायकल हवीय, किंमत ८०० रियाल. मुलींनी सायकल चालवायची नसते, म्हणून आई नाही म्हणते. मग वजदा कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते, बक्षिसाच्या १००० रियालसाठी.

मला हलवून गेली ती भिंतीवरची वंशावळ. सगळी पुरुषांची नावं. वजदा स्वतःचं नाव कागदावर लिहून केसातल्या पिनेनं तिथं अडकवते. पुढं बघते, तर चिठ्ठी काढून टाकलेली. माझ्या माहेरच्या वंशावळीत भाऊ आहे, मी नाही. लेकीनं तिथंच सिनेमा थांबवला. “आई, आपल्याकडे पण?” मी नुसती मान हलवली.

वजदाच्या आईवर रागावता येत नाही. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाच्या धास्तीत जगणारी बाई आहे ती. या भूमिकेत रीम अब्दुल्लानं जीव ओतलाय. मुख्याध्यापिका तेवढी एकसुरी वाटली. बाईनं चारचौघांत पुरुषांबरोबर काम करायचं नसतं, म्हणून रस्त्यावरच्या दृश्यांच्या वेळी हैफाला व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून सूचना द्याव्या लागल्या, तरी सिनेमात कुठं आक्रस्ताळेपणा नाही. सबटायटल्स वाचता येणाऱ्या मुलींना जरूर दाखवा, आणि मुलग्यांनाही शेजारी बसवा.